‘आता विसरून जा, बाळा’: सावरणाऱ्या मुलाच्या घरी होणाऱ्या चुका

लैंगिक अत्याचार झालेलं मूल माझ्याकडे येतं तेव्हा सोबत आई असते, बहुतेक वेळा मावशी किंवा आत्या, क्वचित बाप. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, “मॅडम, हिला हे सगळं विसरायला लावा.” सांगली-मिरजेत इतकी वर्षं मुलांचं समुपदेशन करतेय, पण विसरायला लावायची विद्या माझ्याकडे नाही. आठवण आली तरी मूल जेवेल, झोपेल, शाळेत जाईल, इथपर्यंत मात्र नेता येतं. त्यात आड येतात त्या घरच्यांच्याच काही चुका. त्या मायेपोटी होतात, म्हणून पटकन लक्षात येत नाहीत.

सगळ्यांनी विचारणं

मूल आधी आईला सांगतं. मग बाप विचारतो, मग चुलता, मग शाळेतल्या बाई. कुणीतरी ‘पुरावा’ म्हणून मोबाइल काढून रेकॉर्डिंग करतं. चार दिवसांत तेच सहा जणांना सांगून झालेलं असतं, आणि दर वेळी समोरच्याचं तोंड बघून थोडं गाळलेलं. परत परत विचारतात म्हणजे माझं खरं वाटत नाही, असा अर्थ मूल काढतं. “त्यानेच केलं ना?” असे प्रश्न तोंडात घातले की पुढे कोर्टात जबाबही कच्चा पडतो.

एकदा ऐका. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख घालून वहीत उतरवा. “सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही,” एवढं म्हणा आणि थांबा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी असलेल्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना द्यावीच लागते. पोलिसांनी जबाब मुलाच्या घरी किंवा मूल म्हणेल तिथे, गणवेश न घालता घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने. हे ठाऊक नसलेली कुटुंबं मुलाला घेऊन ठाण्याच्या बाकावर तासन्‌तास बसलेली मी पाहिली आहेत.

दवाखान्यात जायला एफआयआरची वाट पाहू नका. सरकारी असो की खासगी, तातडीचे उपचार मोफत मिळायला हवेत, आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तपासणीत काही दिसलं नाही म्हणून मूल खोटं बोलतंय असं ठरत नाही. बऱ्याच मुलांच्या अंगावर खूण नसतेच.

आजोळी धाडणं

तपशील बदलून सांगते. जत तालुक्यातली नऊ वर्षांची मुलगी. शेजारीपाजारी विचारतील म्हणून त्याच आठवड्यात तिला मामाकडे पोचवलं. तीन महिन्यांनी ती मला म्हणाली, “मी सांगितलं म्हणून मला घालवलं. तो गल्लीतच आहे.” आईला हे ऐकून धक्का बसला, कारण तिच्या लेखी तिने मुलीला वाचवलं होतं.

शाळा बंद करणं, खो-खो सोडायला लावणं, मैत्रिणींकडे पाठवायचं थांबवणं, या सगळ्याचा हिशोब मूल असाच मांडतं. डबा, अभ्यास, संध्याकाळचं खेळणं शक्य तितकं पूर्वीसारखं ठेवा. अधूनमधून रागावणंसुद्धा! एकदम सगळे लाड सुरू झाले, मागेल तेव्हा मोबाइल मिळायला लागला, की आपल्याला काहीतरी भयंकर झालंय अशी मुलाची खात्रीच पटते.

ओलं अंथरूण आणि अंगारा

शाळेत जाणारं मूल परत अंथरूण ओलं करतं, अंधाराला घाबरतं, आंघोळ टाळतं, धाकट्या भावाला मारतं. घरात मग एक तर ओरडा बसतो, नाहीतर देवऋषी गाठला जातो. अंगाऱ्यावरून मी आजीशी वाद घालत नाही. मात्र ‘हिला बाहेरचं लागलंय’ असं मुलासमोर बोलायचं नाही आणि उपचार थांबवायचे नाहीत, यावर मी हटून बसते. रात्री झिरोचा बल्ब ठेवा, चादर न बोलता बदला. मूल दुसऱ्या मुलांना नको तसा स्पर्श करू लागलं तर मारू नका. शांतपणे थांबवा, लक्ष ठेवा आणि समुपदेशकाला त्याच आठवड्यात सांगा.

मुलग्यांच्या बाबतीत ‘पोरगं आहे, त्याला काय होतंय’ ही वेगळीच पीडा. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

दोन भेटींत सोडून देणं

“तिथं नुसतं खेळतात, चित्रं काढतात. एवढ्यासाठी एसटीने यायचं?” हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि रोजगार बुडवून येणाऱ्या आईला राग का येतो तेही कळतं. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे आघातानंतरचे विचार, भावना आणि वागणं यांवर काम करणारी समुपदेशनाची पद्धत, अशा मुलांसाठी चांगली तपासली गेलेली आहे. तिच्या साधारण १२ ते १६ भेटी असतात. सुरुवातीला श्वास, भावनांची नावं, भीती वाटली की काय करायचं हे शिकवतात. घडलेल्या गोष्टीकडे नंतर, हळूहळू, चित्रातून किंवा लिहून जायचं. त्या टप्प्यावर काही मुलांची झोप थोडे दिवस बिघडते, आणि नेमकं तेव्हाच घरचे येणं बंद करतात. मुलाला त्रास वाढला तर फोन करा, वेग कमी करता येतो.

बाहेर पडल्यावर स्टँडवर “आज काय विचारलं? तू काय सांगितलंस?” सुरू करू नका. भूक लागलीय का, ते विचारा.

निकाल लागेपर्यंत समुपदेशन नको, हाही गैरसमज आहे. खटला शक्यतो वर्षात संपावा असं कायदा म्हणतो, पण तारखा पडत राहतात. मुलाने तोवर काय करायचं? बालकल्याण समितीकडे सहायक व्यक्ती मागा, ती पोलीस आणि कोर्टाच्या कामात सोबत राहते. अत्याचारग्रस्तांसाठी असलेल्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेच्या आर्थिक मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो.

सीबीटीच्या या पद्धतीत पालकांच्याही भेटी असतात. आई येते. बाप बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो. घरी मात्र “तुझं लक्ष कुठं होतं?” हे तोच आईला विचारतो आणि दाराआड मूल ऐकतं. भाऊ, आत येऊन बसा. आईला रात्री झोप लागत नसेल तर तिच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मुलांसाठी चाइल्डलाइनचा १०९८.

भावकीतली तडजोड

अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो, म्हणून ‘घरातलं घरात मिटवू’ येतंच. दिवाळीला त्याच्याच पाया पडायला लावलेलं मूल मी पाहिलंय. मिटवामिटवी करू नका, आणि लग्नकार्यातही दोघांना समोरासमोर आणू नका. सहानुभूतीच्या पोस्टमध्येसुद्धा नाव, फोटो, शाळा लिहू नका. ओळख उघड करणं गुन्हा आहे.

‘परत सुरू झालं’ म्हणून हताश होणं

घटना गावच्या यात्रेत घडली असेल तर पुढच्या वर्षी ढोल वाजू लागले की मूल पुन्हा गप्प होऊ शकतं. वयात येताना किंवा समन्स आल्यावरही असंच होतं. आधीचे उपचार वाया गेले असा याचा अर्थ नाही. यात्रेच्या आठवडाभर आधी एक भेट ठरवून घ्या, आणि पालखीला जायचं की नाही ते मुलालाच ठरवू द्या.