आराखड्यावर हरकती-सूचना पाठवण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला आपला वन्यजीव कृती आराखडा, म्हणजे जपायच्या जीवांची यादी आणि त्यांच्यासाठीचे उपाय, निदान दहा वर्षांतून एकदा तपासून नव्याने मांडावा लागतो. २००० साली सुरू झालेल्या केंद्रीय अनुदानाची ती अटच आहे. मसुदा लोकांपुढे ठेवणंही त्याच अटींत येतं, त्यामुळे तिथे राहणाऱ्या कुणालाही मत नोंदवता येतं. पण रिकाम्या हाताने जाऊ नका.

आधी मागचा आराखडा काढून ठेवा. पहिली फेरी २००५ची, पुढची बहुतेक ठिकाणी २०१५ची. दोन्हींतल्या जीवांच्या याद्या शेजारी ठेवल्या की गळलेली नावं दिसतात. प्रत्येकाबद्दल एकच विचारायचं: हा जीव सावरला म्हणून यादीतून गेला, की राज्यातूनच गेला?

यादीत गरुड आणि लांडगे शोधत बसू नका, त्यांना वाली पुष्कळ आहेत. बंदुका-काडतुसांवरच्या (१९३७) आणि मासेमारीच्या साहित्यावरच्या (१९५०) करांचा पैसा मुख्यतः शिकारीच्या प्राण्यांकडे आणि गळाला लागणाऱ्या माशांकडे जात आला. उरलेल्यांसाठी हे अनुदान आलं. तेव्हा नदीतल्या शिंपल्यांचं पान आधी उघडा. लॅम्पसिलिस गटातली मादी शिंपल्याबाहेरचा मांसल पदर अशी हलवते की छोटा मासाच पोहतोय असं वाटावं. बास मासा झडप घालतो आणि तिच्या अळ्या त्याच्या कल्ल्यांना चिकटतात. तिथेच त्यांची वाढ होते. बंधाऱ्याने तो मासा अडला की शिंपल्यांची पुढची पिढीही अडली. अशा नावासमोर नुसतं ‘पाण्याची गुणवत्ता सुधारणे’ लिहिलं असेल तर पेन्सिलने खूण करा आणि विचारा: बंधारा कोणता, मालकी कुणाची, त्याच्याशी बोलणार कोण?

अधिवासाच्या नकाशावर जमीन कुणाच्या मालकीची आहे तेही बघा. आग्नेयेकडची लाँगलीफ पाइनची जंगलं एके काळी सुमारे ९ कोटी एकर होती, ती घटत ३० लाखांच्या घरात आली. तिथल्या गोफर कासवाच्या बिळांत साडेतीनशेहून अधिक जातींचे जीव आसरा घेतात. ही जंगलं टिकवायला ठराविक वर्षांनी मुद्दाम आग लावावी लागते. मग ती लावणारी माणसं, धुराची परवानगी, खासगी मालकांचा होकार या गोष्टी आराखड्यात हव्यात. ‘योग्य व्यवस्थापन’ एवढ्याने गवत पेटत नाही.

मोजणीचं प्रकरण कंटाळवाणं असतं, तरी सोडू नका. २००६मध्ये न्यूयॉर्कमध्ये वटवाघळांच्या नाकावरचा पांढरा बुरशीरोग प्रथम दिसला. गुहांतल्या आधीच्या हिवाळी मोजण्या हाताशी होत्या, म्हणूनच पुढची पडझड आकड्यांत सांगता आली. पैशाची पानंही चाळा. हे अनुदान वर्षागणिक मंजूर होतं. ते कायमचं करणारं विधेयक २०२२मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊन सिनेटमध्ये अडकलं.

सूचना लिहिताना पान क्रमांक आणि जातीचं नाव द्या, स्वतः पाहिलेल्याची तारीख आणि फोटो जोडा. भावनेने भरलेल्या चार पानांपेक्षा अशा चार ओळी उपयोगी पडतात. फक्त दुर्मीळ कासवाची नेमकी जागा जाहीर सभेत बोलू नका. पाळीव प्राण्यांच्या चोरट्या बाजारासाठी कासवं पकडणारे असतात. जागा थेट राज्याच्या वन्यजीव खात्यातल्या जीवशास्त्रज्ञाला कळवा.