दाढेला तडा गेलाय? मग या चुका टाळा

घास चावताना काही होत नाही. दात वेगळे होतात, दाब सुटतो आणि त्याच क्षणी दाढेत सणकन कळ जाते. पुढच्या घासाला काहीच नाही. गार पाण्याने एकदा झिणझिण्या येतात, मग चार दिवस सगळं शांत. कीड लागलेल्या दाताचं दुखणं सहसा असं येत-जात नाही. ही खूण बहुतेकदा तड्याची असते. दाबाखाली तड्याच्या कडा किंचित फाकतात आणि दाब सुटला की झटकन मिटतात. त्यासरशी दाताच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांमधला द्रव हलतो आणि नस कळवळते.

पहिली चूक इथेच होते. कळ थांबली म्हणजे दाढ बरी झाली, असं आपण धरून चालतो. मीही काही महिने दुसऱ्या बाजूने चावून काढले आहेत, त्यामुळे हे सांगायचा मला हक्क आहे! मोडलेलं हाड जुळून येतं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे तडा आपोआप सांधत नाही. तो प्रत्येक घासागणिक खोल जाऊ शकतो. दुखणं अचानक पूर्ण थांबलं तर कधी कधी आतली नसच मेलेली असते.

दुसरी चूक म्हणजे ‘एक्स-रे स्वच्छ आला’ म्हणून निर्धास्त होणं. दाढेचा तडा बरेचदा पुढून मागे जातो, म्हणजे फिल्मला समांतर, आणि त्यामुळे तो चित्रात उमटतच नाही. डॉक्टरांना नुसतं ‘दाढ दुखते’ असं सांगू नका. चावताना दुखतं की सोडताना, गारने दुखतं की गरमने, तेही सांगा. मग ते दाढेच्या एकेका टोकावर छोटी काडी ठेवून चावायला लावतात, प्रकाश टाकून किंवा रंग लावून पाहतात. (आरशात समोरच्या दातांवर दिसणाऱ्या केसासारख्या उभ्या रेषांनी मात्र घाबरू नका. त्या मोठ्या माणसांत सर्रास असतात आणि बहुधा निरुपद्रवी असतात.)

रूट कॅनल झालं, ठणका गेला, आता कॅप कशाला? ही चूक सर्वांत महागात पडते. आतून कोरलेल्या दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. एक दिवस मऊ घासालाही ती उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की सहसा दाढ काढावीच लागते. मोठं फिलिंग असलेल्या दाढेलाही हाच धोका असतो.

सवयींबद्दल थोडक्यात. पेला रिकामा झाल्यावर तळाचा बर्फ कुडुमकुडुम खाणं, बाटलीचं झाकण दाताने उघडणं, पेनाचं टोपण चावत बसणं, हे सगळं सोडा. झोपेत दात खात असाल तर ते स्वतःला कळत नाही. सकाळी जबडा आखडलेला वाटतो, दातांची टोकं सपाट झालेली दिसतात. अशा वेळी मापाचं नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं आवरण, करून घ्या. खेळताना तोंडावर मार बसण्याची शक्यता असेल तर माउथ गार्ड लावा.

टवका उडालाच तर तुकडा फेकू नका. तो दुधात किंवा पाण्यात ठेवून सोबत न्या, कधी कधी तोच परत चिकटवता येतो. घरातला गोंद लावू नका. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरू नका, कातडी भाजते. चेहरा सुजला किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

अख्खा दात मुळासकट निखळला तर गोष्ट मिनिटांची असते. मुळाला हात न लावता तो वरच्या भागाला धरा. माती लागली असेल तर क्षणभर धुवा, घासू नका. जमलं तर खाचेत परत बसवा, नाहीतर दुधात टाका आणि तासाभराच्या आत डॉक्टर गाठा. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.