पताकांची टोकं वळत होती

लेकीच्या वाढदिवसाला मागच्या अंगणात आईच्या जुन्या सुती साडीच्या पताका लावल्या. नागपूरचा मे, दुपारचा वारा म्हणजे भट्टीच! तासाभरात टोकं सुरळीसारखी वळली, कडांचे धागे लोंबायला लागले. आई म्हणाली, "अगं, खळ तरी द्यायचीस!"

मग साबुदाण्याची पातळ पेज गाळून त्यात तुकडे बुडवले, ओलसर असतानाच इस्त्री फिरवली. पापडासारखे कडक! कडा इतवारीतून आणलेल्या झिगझॅग कात्रीने कापल्या. धागे जवळजवळ सुटलेच नाहीत. सुतळी मात्र मध्ये झोळ देत होती, म्हणून पताका परकराच्या रुंद नाडीत शिवून टाकल्या. कडुलिंबापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत छान ताणून बसल्या. पाऊस आला तर खळ जाईल, पण मे महिन्यात तेवढी धास्ती कुठली!