अवकाळीच्या दिवसांत हवामानाचा अंदाज कसा वाचावा आणि कामं कशी लावावीत

कुरड्यांचा गहू भिजत घालावा आणि चीक काढायच्या दिवशी आभाळ भरून यावं, हे फेब्रुवारी-मार्चात नागपुरात कुठल्या ना कुठल्या घरी दर वर्षी घडतं. वावरात हरभरा सोंगून (कापून) पडलेला असतो, तेव्हा तर जीव टांगणीलाच लागतो. अंदाज आलेला असतो, पण तो वेळेवर आणि नीट वाचलेला नसतो. तो कसा वाचायचा, ते इथे सांगतो.

आधी हा पाऊस येतो कुठून, ते थोडक्यात. या दिवसांत उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी हवेच्या प्रणाली, एकामागून एक सरकत असतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे मध्य भारतात शिरले, की विदर्भावर दोन्ही हवांची गाठ पडते. दुपारच्या उन्हाने जमीन तापलेली असतेच. मग तीन-चार वाजेनंतर ढग झपाट्याने वर चढतात आणि गडगडाट, वारा, कधी गारा. समुद्र लांब असल्यामुळे एरवी इथली हवा कोरडी असते; म्हणूनच हा बदल इतका अचानक वाटतो.

१. आधी काम मांडा, मग अंदाज उघडा

‘पाऊस येईल का?’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ‘माझ्या कामाला कोरडे दिवस किती लागतात, आणि कोणते?’ हे विचारा. कुरड्यांचंच घ्या. गहू तीन दिवस भिजतो, मग चीक काढायचा, तो रात्रभर निवळायचा आणि चौथ्या दिवशी सकाळी शिजवून गच्चीवर कुरड्या घालायच्या. पुढे दोन दिवस कडक ऊन हवं. म्हणजे गहू भिजत घालताना आजचं निरभ्र आकाश पाहून उपयोग नाही. चौथा आणि पाचवा दिवस पाहायचा. अंदाजातले नेमके हेच दिवस सर्वांत कच्चे असतात, म्हणून चीक काढायच्या आधी अंदाज पुन्हा पाहा. आभाळ दिसलं तर चीक फ्रिजमध्ये एखादा दिवस थांबतो. गच्चीवर घातलेली ओली कुरडई थांबत नाही, तिला बुरशी धरते. ढगाळ आठवड्यात उडदाचे पापड लाटून घ्यावेत. ते सावलीत वाळलेलेच बरे.

भिवापूरकडची मिरची वाळत घालायची असो की लग्नाचा मांडव टाकायचा असो, हिशेब हाच.

२. कामाच्या मुदतीचा अंदाज निवडा

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज आणि इशारे पुढच्या काही दिवसांसाठी रोज येतात. पहिले दोन दिवस भरवशाचे, पुढचे फक्त दिशा दाखवणारे. दोन-तीन तासांच्या कामासाठी, म्हणजे कपडे वाळवणं, फवारणी किंवा काटोलला गाडीने जाऊन येणं, ‘तात्कालिक इशारा’ पाहा. तो पुढच्या तीन तासांसाठी असतो. ‘मौसम’ ॲपवर हे दोन्ही मिळतं. शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ जास्त कामाचं, कारण त्यात पिकानुसार सल्ला असतो आणि तो मंगळवारी व शुक्रवारी नवा येतो.

एक बारकावा लक्षात ठेवा: हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. त्यामुळे ‘शनिवारच्या’ इशाऱ्यात रविवारची पहाटही येते.

३. शब्द नीट वाचा

माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ हलका पाऊस असा नाही. हा शब्द पावसाचा जोर सांगत नाही, तो किती भागात पडेल ते सांगतो. २५ टक्क्यांपर्यंत पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक, २६ ते ५० टक्के म्हणजे काही ठिकाणी, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच ठिकाणी, त्यापुढे बहुतेक सर्वत्र. विदर्भात ११ जिल्हे आहेत. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी गारपीट’ असं असेल तेव्हा सोनेगावला थेंबही न पडता कळमेश्वरात गारांचा सडा पडू शकतो, आणि अंदाज तरीही बरोबरच ठरतो. म्हणून विदर्भाचा नव्हे, आपल्या जिल्ह्याचा रकाना वाचा.

रंगांचं सोपं आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. पिवळ्याकडे दुर्लक्ष करायची सवय वाईट. वीज पिवळ्या इशाऱ्यातही पडते.

४. तापमानाच्या दोन आकड्यांतलं अंतर पाहा

फेब्रुवारीच्या मध्यात नागपुरात दुपारी साधारण ३१-३२ अंश आणि पहाटे १५-१६ अंश असतात. मार्च संपता संपता दुपार चाळिशीकडे सरकते. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे आपल्याकडे बऱ्याच अंशी खरं ठरतं. पण रोजचा कल ओळखायचा तर दोन्ही आकडे एकत्र वाचा. कमाल उतरतंय आणि किमान चढतंय, म्हणजे ढग येत आहेत: ते दिवसा ऊन अडवतात आणि रात्री जमिनीची उष्णता कोंडून ठेवतात. त्याच सुमारास वारा आग्नेयेकडून वाहू लागला आणि आर्द्रता वाढली, तर कुरड्यांचा गहू भिजत घालू नका. उलट पाऊस होऊन गेल्यावर किमान दोन-तीन अंशांनी उतरलं, वारा उत्तरेचा झाला, की हवा कोरडी झाली समजा. वाळवणाला तेच दिवस उत्तम.

सकाळी शाळेत जाणाऱ्या मुलांना अंगावरून सहज काढता येईल असा स्वेटर द्या आणि पाण्याची बाटली मोठी द्या. कूलर बाहेर काढला असेल तर त्याची वायर आणि प्लग पावसापासून झाकलेले असू द्या.

५. दुपारनंतर वर बघा

फुलकोबीसारखे ढग वर वर चढताना दिसले आणि त्यांचा माथा पसरट व्हायला लागला, की गडगडाटी पाऊस जवळ आहे. धुळीचा वास घेऊन गार वाऱ्याचा झोत आला तर हातात काही मिनिटंच उरतात. वीज चमकल्यावर सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना अंदाजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. झाडाखाली उभं राहणं सर्वांत घातक. ‘दामिनी’ ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं. वावरात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावंच.

६. वावर आणि बाग

नारिंगी इशारा आला तर सोंगलेला हरभरा पसरलेला ठेवू नका. उंचवट्यावर गंजी लावून ताडपत्री दोरीने घट्ट बांधा, कारण पावसाआधी वारा येतो आणि नुसती टाकलेली ताडपत्री उडून जाते. फवारणी आणि ओलीत (पिकाला पाणी देणं) पुढे ढकला. काटोल-नरखेडच्या संत्राबागांत याच काळात मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या फळांची) तोडणी चालते आणि आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारी) झाडं फुलावर असतात. फूल वाचवणं हातात नसतं, पण तयार फळ इशारा पाहून आधी उतरवता येतं. नुकसान झालंच तर गारा वितळायच्या आत, पडलेली फळं आणि झाडं एकत्र दिसतील असे फोटो काढा आणि तलाठी व कृषी सहायकाला त्याच दिवशी कळवा. पंचनामा होईपर्यंत बाग आवरू नका.