कंपायलर लिनक्सवरून विंडोजवर नेताना या चुका टाळा

मालवणात बसून आम्ही दोघांनी लिहिलेला छोटा कंपायलर (प्रोग्रॅमचे मशीन कोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत, रूपांतर करणारा प्रोग्रॅम) लिनक्सवर चोख चालत होता. रत्नागिरीच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मात्र सगळे संगणक विंडोजचे असल्याने तो तिकडे न्यावा लागला. प्रोसेसर दोन्हीकडे तोच, ६४ बिटचा, तेव्हा मशीन कोडही तसाच चालेल असे आम्ही गृहीत धरले आणि पहिली ठेच तिथेच लागली.

फंक्शनला दिलेली पहिली सहा पूर्णांक मूल्ये (आर्ग्युमेंट्स) लिनक्सवर रजिस्टरांतून, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागांतून जातात, विंडोजवर पहिली चारच, आणि तीही वेगळ्या क्रमाने. शिवाय विंडोजवर हाक देणाऱ्या फंक्शनने स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या कामाच्या मेमरीत) ३२ बाइट मोकळे सोडावे लागतात, कारण समोरचे फंक्शन त्या जागेत खुशाल लिहू शकते. एवढे सुधारल्यावर साधे प्रोग्रॅम चालू लागले. बांगडा, सुरमई, पापलेट यांचे लिलावातले दर क्रमाने लावणारा प्रोग्रॅम मात्र कोसळे, तोही सी लायब्ररीचे क्रम लावणारे फंक्शन क्यूसॉर्ट वापरले तरच. क्यूसॉर्ट दोन नोंदींच्या तुलनेसाठी ज्याला हाक देते, ते आमचे फंक्शन आरएसआय आणि आरडीआय ही रजिस्टरे वापरून तशीच सोडून देत होते. लिनक्सवर ते चालते, विंडोजवर त्यांतील मूल्ये पूर्ववत करून परतणे बंधनकारक आहे. म्हणून लायब्ररी आपल्या कोडला उलट हाक देते, अशी चाचणी पहिल्याच दिवशी लिहावी.

सी भाषेतला लाँग हा पूर्णांकाचा प्रकार लिनक्सवर ८ बाइटांचा, विंडोजवर ४ बाइटांचा. त्यात पॉइंटर (मेमरीतला पत्ता) साठवला की पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळतो. ऑब्जेक्ट फाइल (तयार मशीन कोडची फाइल) बायनरी मोडमध्येच उघडावी, नाहीतर १० ही नव्या ओळीची खूण समजून त्या मूल्याच्या प्रत्येक बाइटआधी १३ घुसतो आणि आपण अशा फाइली जोडणाऱ्या लिंकरला दोष देत बसतो.

फोल्डरचे नाव ‘मालवण’ असे देवनागरीत ठेवले, की फाइल उघडणारे सी लायब्ररीचे साधे एफओपन फाइल सापडत नाही म्हणते, कारण ते विंडोजच्या ज्या जुन्या एकबाइटी कोडपेजांवर (अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यांवर) चालते, त्यांत देवनागरी नाही. तिथे यूटीएफ-१६ (सर्व लिपी सामावणाऱ्या युनिकोडची एक मांडणी) स्वीकारणारी फंक्शन्स वापरावीत. (मराठी मुलांच्या हाती जाणाऱ्या कंपायलरची ही चाचणी आम्ही सर्वांत शेवटी केली, हे कबूल करायला हवे.)

कंपायलर स्वतःलाच कंपाइल करू लागला, की दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या फाइली बाइटशः ताडून पाहाव्यात (प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचा कंपायलर पुढचा कंपायलर बनवतो). पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्याने आम्ही प्रत्येक फेरी वेगळी जपून ठेवत असू. दोन्ही फाइलींत चारच बाइटांचा फरक निघाला, तेव्हा एक अख्खी संध्याकाळ कोड जनरेटर (कंपायलरचा मशीन कोड बनवणारा भाग) चाळण्यात गेली; तो फरक विंडोजच्या फाइल हेडरमधल्या वेळेच्या नोंदीचा होता, आणि ती नोंद शून्यावर ठेवताच फाइली जुळल्या.