खूप वर्षांनी पुन्हा स्कीइंग: आधी बूट, बाकी सगळं नंतर

पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा बर्फावर जायचं ठरलं की बहुतेकांचं पहिलं लक्ष स्कीकडे जातं. नवीन आकार, नवीन रंग, कुठली घ्यायची यावरच सगळी चर्चा. ही सुरुवातच चुकीची आहे. स्की भाड्याने मिळते, रोज बदलता येते, नाही पटली तर परत करता येते. बूट मात्र पायात नीट बसला नाही तर जगातली सर्वोत्तम स्कीसुद्धा तुमचं ऐकणार नाही. म्हणून पैसे आणि वेळ यांचा मोठा वाटा बुटांवर घाला.

माळ्यावरच्या सामानाचं काय करायचं

जुने बूट वरून कितीही चकचकीत दिसोत, ते वापरू नका. बुटाचं कवच, म्हणजे शेल, बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचं असतं. हवेतल्या ओलाव्याने हे प्लास्टिक वर्षानुवर्षं आतून कुजत जातं. खोक्यात न वापरता ठेवलेले बूटही यातून सुटत नाहीत. घरात ते धड दिसतात, पण थंडीत पुढे झुकून भार टाकला की घोट्यापाशी तडा जातो आणि तुकडे निघून येतात. तेही उतारावर, वेगात असताना. दहा वर्षांवरच्या बुटावर भरवसा ठेवू नये.

बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या बाइंडिंगचंही तसंच. आतलं वंगण घट्ट होतं, प्लास्टिकचे भाग ठिसूळ होतात आणि पडल्यावर बूट सुटायला हवा तेव्हा सुटत नाही. कुठल्या मॉडेलांची जबाबदारी आपण अजून घेतो याची यादी उत्पादक दर हंगामाला देतात. त्या यादीतून बाहेर पडलेल्या बाइंडिंगला तंत्रज्ञ हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

हेल्मेट टाकून द्या. गॉगलचा फोम बोटाने दाबला आणि भुगा झाला तर तोही टाका. अॅल्युमिनियमच्या काठ्या सरळ असतील तर चालतील. लोकरीचे आतले कपडे आणि शिवण न उसवलेले हातमोजेही चालतील. कामाचं एवढंच उरतं.

बूट: इथे घाई नको

जुना नंबर विसरा. वयाबरोबर पावलाची कमान थोडी बसते, पाऊल लांब आणि रुंद होतं. संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर माप घ्या. कागद जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटापुढे दुसऱ्याला खूण करायला सांगा. दोन्ही पाय मोजा. लांब पावलाचं सेंटिमीटरमधलं माप हाच तुमचा बुटाचा नंबर, याला मोंडोपॉइंट म्हणतात. पाऊल २६.५ सेंमी असेल तर नंबर २६.५. रोजच्या चपला-बुटांच्या नंबरावरून तक्ता बघून ठरवलं की बूट हमखास एक-दोन नंबर मोठा निघतो.

आणखी एक बारकावा. बहुतेक बुटांत पूर्ण आणि अर्ध्या नंबराचं शेल एकच असतं. २६ आणि २६.५ यांत फरक असलाच तर आतल्या मऊ अस्तराचा, म्हणजे लायनरचा, किंवा तळव्याच्या पट्टीचा. त्यामुळे ‘अर्धा नंबर मोठा दाखवा’ म्हटल्यावर बरं वाटलं तरी शेल तेच असू शकतं.

आता खरी परीक्षा. लायनर बाहेर ओढून काढा. रिकाम्या शेलमध्ये पातळ मोजा घातलेला पाय टाका, बोटं समोर जेमतेम टेकतील इतका पुढे सरकवा आणि गुडघा किंचित वाकवा. मग टॉर्चच्या उजेडात टाचेमागे किती जागा उरली ते बघा. दीड ते दोन सेंटिमीटर असेल तर नंबर बरोबर. अडीच सेंटिमीटरच्या वर गेली तर तो बूट बाजूला ठेवा, विकणारा कितीही म्हणो. एक सेंटिमीटरच्या आतलं माप शर्यतवाल्यांसाठी. त्याच वेळी बाजूंनाही बघा: चवड्याची रुंदी किंवा घोट्याचं हाड शेलला घट्ट टेकत असेल तर दुसरा आकार शोधा. रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ९८ च्या आसपास अरुंद, १०० मध्यम, १०२ ते १०४ रुंद. हे माप एका ठरावीक नंबराच्या बुटाचं असतं, लहान-मोठ्या नंबरात ते बदलतं.

लायनर परत घालून बूट चढवा. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. आतल्या पँटचा काठ बुटात जाऊ देऊ नका, त्याचीच नडगीवर सुरकुती पडते आणि दुपारपर्यंत तिथे वळ उठतो. पाय आत गेला की टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसेल. मग नडगीवरची वरची बकलं लावा, गुडघे पुढे दाबा, पुन्हा एक दात आवळा, त्यानंतर पावलावरची बकलं नुसती हलक्या हाताने, शेवटी वरचा पट्टा. खालची बकलं आधी आवळली तर टाच मागे बसायच्या आतच अडकून राहते.

ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकायला हवीत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरायला हवीत. टाच उचलू पाहिली तर उचलली जाऊ नये. दुकानात अर्धा तास तसेच उभे राहा, फिरा, झुका. सगळीकडून सारखी मिठी मारल्यासारखा दाब वाटला तर उत्तम. एकाच जागी टोचत असेल, उदाहरणार्थ करंगळीच्या बाजूला किंवा घोट्याच्या हाडावर, तर तेवढीच जागा शेल गरम करून फुगवता येते किंवा आतून घासता येते. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर दाब येऊन बोटं बधिर होत असतील तर मात्र हा आकारच तुमचा नाही, असं समजणं बरं. घट्ट बूट थोडा सैल करता येतो, सैल बूट घट्ट करता येत नाही. शिवाय लायनर पहिल्या काही दिवसांतच दबून जागा करतो.

परतणारी माणसं इथेच फसतात. दुकानात मऊ, ऐसपैस वाटणारा बूट घेतात. उतारावर पाऊल आत सरकतं, म्हणून बकलं करकचून आवळतात. रक्तपुरवठा अडतो, पाय गार पडतात, बोटं बधिर होतात. मग निष्कर्ष काढतात की बूट लहान आहे, आणि पुढच्या वेळी आणखी मोठा घेतात. हे चक्र तोडायचं तर वरची शेलची परीक्षा टाळू नका.

कडकपणाचा आकडा, म्हणजे फ्लेक्स, बुटावर छापलेला असतो. परतणाऱ्यासाठी साधारण ७० ते १०० पुरतो. वजनदार आणि पूर्वी जोरात स्की करणाऱ्यांनी ११० पर्यंत जावं. या आकड्याला कुठलंही समान प्रमाण नाही, एका कंपनीचा १०० दुसऱ्या कंपनीचा ९० असू शकतो, म्हणून आकड्यापेक्षा गुडघ्याला विचारा. दुकानातल्या उबेत बूट सहज थोडा वाकला पाहिजे, कारण थंडीत तो आणखी कडक होणार आहे. घोटा आखडलेला असेल, गुडघा पुढे जातच नसेल, तर टाचेखाली काही मिलिमीटरचा उंचवटा घालून बघा, लगेच फरक पडतो. पोटऱ्या जाड असतील तर वरचा भाग बुटका किंवा मागे ढळवता येणारा घ्या.

तळवाही बघा. जुन्या पद्धतीचा सपाट, कडक तळवा आयएसओ ५३५५ या मानकाचा असतो. चालायला सोपा, वळणदार रबरी ग्रिपवॉक तळवा आयएसओ २३२२३ चा. ग्रिपवॉक बूट त्यासाठी बनलेल्या बाइंडिंगमध्येच घालायचा. जुन्या बाइंडिंगमध्ये तो कधी खटकन बसतोही, पण सुटायचा जोर बिघडतो. बसला म्हणजे जुळला, असं धरू नका.

स्की: उंची विसरा, कंबर बघा

त्याहूनही आधी सोडून गेला असाल तर तेव्हाची स्की जवळजवळ सरळ पट्टी होती, १९५ ते २०५ सेंमी लांब. १९९० च्या दशकात मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद अशी स्की आली आणि सगळंच बदललं. कडेवर झुकवलं की ती स्वतःच वळते. म्हणून आता लांबी हनुवटीपासून डोक्यापर्यंत कुठेतरी असते. परतणाऱ्याने हनुवटी ते नाक या भागातली घ्यावी. ‘मी २०० वापरायचो’ म्हणून १८५ मागणं ही ठरलेली चूक. त्या लांबीचा कौशल्याशी आता काही संबंध उरलेला नाही.

स्कीच्या शेपटीजवळ असं काही छापलेलं दिसेल: १२२-७४-१०४, आर १४. पहिला आकडा पुढच्या टोकाची रुंदी, मधला कंबरेची, तिसरा शेपटीची, सगळे मिलिमीटरमध्ये. शेवटचा आकडा वळणाची त्रिज्या, १४ मीटर. तयार केलेल्या उतारांसाठी कंबर ७० ते ८० मिमी ठेवा. ९० च्या पुढची रुंद स्की खोल भुसभुशीत बर्फासाठी. टणक उतारावर ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ घेते आणि तो ताण गुडघ्यावर येतो. त्रिज्या १३ ते १६ मीटर असली की वेग फार न वाढवता वळता येतं. टोक थोडं वर उचललेलं असेल, त्याला रॉकर म्हणतात, तर वळण सुरू करणं सोपं जातं. स्कीला पावलाखालच्या भागात मात्र कमान हवी, नाहीतर बर्फाच्या टणक थरावर पकड लागत नाही.

पहिला आठवडा स्की विकत घेऊच नका. भाड्याने घ्या, आणि एकाच दिवशी, एकाच उतारावर दोन-तीन जोड्या बदलून बघा. सकाळ आणि दुपारच्या बर्फात इतका फरक असतो की वेगवेगळ्या दिवसांची तुलना फसवी ठरते. जुनी जोडी घ्यायचीच असेल तर दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा आणि उजेडाकडे बघा. मधली फट दोन्हीकडे सारखी हवी. कडेवर नख फिरवा, तडा असेल तर अडकेल. वरचा थर कुठे सुटतोय का ते बाजूने बघा. वरवरचा गंज घासून जातो, कडेच्या बाजूचा फुगवटा जात नाही.

बाइंडिंगचा आकडा

किती जोर आला की बाइंडिंगने बूट सोडायचा, हे ठरवणारा हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधली लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून निघतो. वजनाची ओळ आणि उंचीची ओळ वेगळी आली तर सौम्य ओळ धरायची. पन्नाशी गाठली की आणखी एक ओळ सौम्य. पद्धतीचे तीन प्रकार: पहिला सावध, दुसरा मध्यम, तिसरा आक्रमक. इतक्या वर्षांनी येताना पहिला सांगा, पूर्वी कितीही तरबेज असलात तरी. वजन खरं सांगा, कपडे उतरवून केलेलं. कमी सांगितलं तर स्की विनाकारण सुटेल, जास्त सांगितलं तर पडल्यावर सुटणार नाही आणि पायच पिळला जाईल. जुना आकडा लक्षात असला तरी उपयोगाचा नाही, कारण वजन, वय, तळव्याची लांबी सगळंच बदललेलं आहे.

बसवणं तंत्रज्ञाकडून करा आणि सुटण्याचा जोर यंत्रावर तपासून घ्या. त्यांना तुमचेच बूट द्या. ब्रेकच्या, म्हणजे सुटलेली स्की बर्फात अडवणाऱ्या, फाळक्या स्कीच्या कंबरेपेक्षा रुंद हव्यात, पण १५ मिमीपेक्षा जास्त बाहेर नकोत, नाहीतर वळताना बर्फात अडकतात. तुमच्या हातात एकच काम उरतं: बूट घालण्याआधी तळव्याचा बर्फ काठीने खरवडून काढणं. चवड्याखाली बर्फाची चकती राहिली तर आकडा कितीही बरोबर असो, बाइंडिंग तसं वागत नाही.

बाकीचं थोडक्यात

काठी उलटी धरा, टोकाजवळच्या चकतीखाली मूठ ठेवा, कोपर काटकोनात आलं की लांबी बरोबर. उंचीला ०.७ ने गुणलं तरी जवळपास तेच येतं, १७५ सेंमी उंचीला १२० च्या आसपास. हेल्मेटवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ२०४० ही खूण बघा. पट्टा न लावता मान हलवली तर ते डोक्यासोबत हलावं, डोक्यावर फिरू नये. गॉगल आणि हेल्मेट एकत्रच घालून बघा, मध्ये कपाळ उघडं राहता कामा नये. लेन्सवर एस१ लिहिलं असेल तर ४३ ते ८० टक्के प्रकाश आत येतो, ढगाळ दिवसासाठी. एस३ मधून ८ ते १८ टक्के, लख्ख उन्हासाठी. एकच घ्यायची तर एस२.

पहिल्या दिवशी सगळ्यात सोप्या उतारावर दोन तास जा. पाय जुन्या सवयीने एकमेकांना चिकटवू नका, कंबरेइतक्या अंतरावर ठेवा आणि दोन्ही स्की एकदम कडेवर झुकवा. लिफ्टमध्ये बसल्यावर पावलावरची बकलं सोडा, वर पोचलात की पुन्हा लावा. दुपारी मोजे काढून पाय बघा. लाल खूण अर्ध्या तासात गेली तर चिंता नाही. तशीच राहिली तर तिचा फोटो काढा, त्या जागी बुटावर पेन्सिलने गोल करा आणि संध्याकाळी तो बूट घेऊन तंत्रज्ञाकडे जा.