आर्मचं कर्नल मॉड्यूल इंटेलच्या लॅपटॉपवर चालवताय? क्यूएमू वापरताना या चुका टाळा

आर्म बोर्ड अजून हातात आलेला नाही आणि ड्रायव्हरचं काम मात्र आजच सुरू करायचंय, अशा वेळी क्यूएमू खरोखर कामाला येतो. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लोकांसमोर आणलेला हा एम्युलेटर साध्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर आर्म, रिस्क-फाइव्ह, पॉवरपीसी, आयबीएमचं एस३९० अशा कितीतरी प्रोसेसरांसाठी बनवलेला लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बूट करून देतो. मात्र कर्नल मॉड्यूल म्हणजे साधा प्रोग्राम नव्हे. साधा प्रोग्राम सिस्टिम कॉल करून कर्नलकडून काम करून घेतो. मॉड्यूल थेट कर्नलमध्येच जाऊन बसतं, त्याची फंक्शन्स नावानिशी वापरतं आणि त्याच्या स्ट्रक्चर्सच्या आतल्या मांडणीवर विसंबून असतं. त्यामुळे नुसता प्रोसेसर जुळून भागत नाही, नेमका तोच कर्नल लागतो. खाली सांगितलेल्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथेच आहे.

कंटेनरमध्ये मॉड्यूल लोड करायला जाणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या साधनात, आर्म६४ची (६४ बिट आर्मची) इमेज चालवली, आत मशीनची माहिती सांगणारी 'यूनेम' कमांड 'एम' पर्यायासह दिली, उत्तर आलं 'एआर्च६४', म्हणजे आर्म६४चंच दुसरं नाव. बघणाऱ्याला वाटतं, झालं, आपण आर्म मशीनवर आहोत. आता तीच कमांड 'आर' पर्यायासह देऊन पाहा. आवृत्तीचा जो आकडा दिसेल तो तुमच्या लॅपटॉपच्या कर्नलचा असेल.

याचं कारण असं, की इथे क्यूएमूचा युजर मोड चाललेला असतो. तो आर्मच्या सूचना भाषांतरित करतो, पण सिस्टिम कॉल खालच्या कर्नलकडे सोपवतो. प्रोसेसरचं नाव तेवढं तो बदलून सांगतो. आत आर्मचा कर्नल अस्तित्वातच नाही, मग मॉड्यूल लोड कशात करणार? 'इन्समॉड' (मॉड्यूल लोड करायची कमांड) केलं की 'फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड' येतं आणि माणूस परवानग्यांच्या मागे लागतो. कंटेनरला प्रिव्हिलेज्ड केलं, म्हणजे जादा अधिकार दिले, तरी इथे काही फरक पडत नाही. असा कंटेनर कंपाइल करण्यापुरता चालेल, तोही हळू, कारण कंपायलरसुद्धा एम्युलेट होतोय. मॉड्यूल चालवायचं तर क्यूएमूचा सिस्टिम मोडच हवा, ज्यात पूर्ण मशीन उभं राहतं आणि त्याचा स्वतःचा कर्नल बूट होतो.

बिल्ड करताना अर्धीच माहिती देणं

क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी बांधताना, 'मेक' या बिल्डच्या कमांडला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: आर्किटेक्चर आणि कंपायलरचा उपसर्ग. आर्किटेक्चरचं नाव कर्नलच्या सोर्समधल्या फोल्डरप्रमाणे 'आर्म६४' द्यायचं, 'एआर्च६४' नाही. उपसर्गाच्या शेवटी जोडरेघ हवीच. या दोन्ही गोष्टी कर्नल बांधताना आणि मॉड्यूल बांधताना, दोन्ही वेळा द्यायच्या. त्या राहिल्या तर 'मेक' तुमच्या लॅपटॉपचंच आर्किटेक्चर धरून चालतो. बिल्ड संपलं की मॉड्यूलवर 'फाइल' कमांड चालवून ते कुठल्या आर्किटेक्चरचं आहे हे बघायची सवय लावून घ्या, दोन सेकंदांचं काम आहे.

बिल्डमधली आणखी एक जागा फसवी आहे. डिस्ट्रिब्युशनचं आर्म६४साठीचं हेडर पॅकेज (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइलींचा संच) उतरवून इंटेल मशीनवर त्याच्यावर बिल्ड केलं, तर 'फिक्सडेप' किंवा 'मॉडपोस्ट' चालत नाही अशी तक्रार येते. कारण त्या पॅकेजमधली ही छोटी हत्यारंसुद्धा आर्मसाठीच कंपाइल केलेली असतात. पूर्ण सोर्स घेऊन स्वतः कर्नल बांधणं हा सरळ मार्ग. तिथेही 'मॉड्यूल्स प्रिपेअर' एवढ्यावर थांबू नका. त्या पायरीत 'मॉड्यूल डॉट सिमव्हर्स' ही फाइल बनत नाही, आणि सिम्बॉलच्या (मॉड्यूल वापरत असलेल्या फंक्शन्सच्या नावांच्या) आवृत्त्या तपासणाऱ्या कर्नलला ती लागते.

'इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' वाचून तिथेच अडणं

'इन्समॉड'चा हा संदेश फारच मोघम आहे. खरं कारण कर्नलच्या लॉगमध्ये असतं, त्यामुळे लगेच तो लॉग दाखवणाऱ्या 'डीमेसेज'ची शेवटची ओळ बघा. नव्या कर्नलमध्ये तिथे 'इन्व्हॅलिड आर्किटेक्चर इन ईएलएफ हेडर: ६२' असं दिसलं, तर तुम्ही आर्मच्या मशीनवर इंटेलचं मॉड्यूल नेलंय. ६२ हा एक्स८६-६४चा क्रमांक, आर्म६४चा १८३ आणि रिस्क-फाइव्हचा २४३.

बहुतेकदा मात्र ओळ 'व्हर्जन मॅजिक'ची, म्हणजे मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बांधलंय त्या नोंदीची असते. मॉड्यूल म्हणतं '६.६.०+ एसएमपी प्रीएम्प्ट मॉड_अनलोड एआर्च६४' आणि कर्नलला हवं असतं तेच, फक्त अधिकच्या (+) चिन्हाविना. हे चिन्ह येतं कुठून? गिटमधल्या टॅगच्या पुढे एखादं कमिट केलं, की कर्नलचं बिल्ड आवृत्तीच्या मागे ते आपणहून जोडतं. क्यूएमूला दिलेली कर्नलची इमेज कमिटच्या आधीची आणि मॉड्यूल नंतरचं, म्हणून दोघांचं जमत नाही. इमेज पुन्हा बांधा आणि तीच बूट करा. आवृत्ती तीच पण 'प्रीएम्प्ट' एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं असेल तर कॉन्फिग (कर्नल बांधताना निवडलेले पर्याय) वेगळं आहे.

इथे बरेच जण मॉड्यूल जबरदस्तीनं लोड करायचा पर्याय शोधतात. कृपया तो वापरू नका. कॉन्फिग बदललं की स्ट्रक्चरमधल्या फील्डची जागा बदलू शकते, आणि मग तुमचं मॉड्यूल भलत्याच पत्त्यावर लिहीत बसतं. त्यानंतर येणारा क्रॅश कोडमध्ये कितीही शोधला तरी सापडत नाही, कारण कोडमध्ये चूक नसतेच.

कर्नल बूटच होत नाही, स्क्रीन रिकामी

क्यूएमूच्या 'व्हर्ट' या आर्मसाठीच्या आभासी मशीनला प्रोसेसर सांगितला नाही तर क्यूएमू कॉर्टेक्स-ए१५ धरतो, आणि तो ३२ बिटचा आहे. ६४ बिटचा कर्नल त्यावर एक अक्षरही न छापता गप्प राहतो. कॉर्टेक्स-ए५७ किंवा 'मॅक्स' असं स्पष्ट सांगा. कर्नल १६ केबी पानांचा (मेमरी १६ केबीच्या तुकड्यांत वाटणारा) बांधला असेल तर ए५७ही चालणार नाही, 'मॅक्स'च घ्या. प्रोसेसर बरोबर असूनही शांतता असेल तर कन्सोलचं नाव तपासा: आर्मच्या 'व्हर्ट'वर 'टीटीवायएएमए०', रिस्क-फाइव्हवर आणि इंटेलवर 'टीटीवायएस०'. केव्हीएमचा (सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवण्याचा) पर्याय काढून टाका, तो वेगळ्या आर्किटेक्चरला लागू होत नाही.

बूट होऊन 'फेल्ड टू एक्झिक्यूट इनिट' आलं तर कंसातला आकडा वाचा. उणे ८ म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये) भलत्या आर्किटेक्चरचा बिझीबॉक्स (मूलभूत कमांडचा एकत्रित प्रोग्राम) गेलाय. उणे २ असूनही फाइल जागेवर दिसत असेल, तर बिझीबॉक्स बहुधा डायनॅमिक लिंक केलेला, म्हणजे बाहेरच्या लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे आणि त्या जोडणारा लोडर आत नाही. स्टॅटिक बांधा.

जीडीबी हा डीबगर जोडणार असाल तर त्याची अनेक आर्किटेक्चर समजणारी मल्टिआर्क आवृत्ती घ्या आणि कर्नलच्या कमांडलाइनमध्ये 'नोकेएएसएलआर' (कर्नलचा पत्ता दर बूटला बदलू न देणारा पर्याय) टाका, नाहीतर पत्ते जुळत नाहीत आणि ब्रेकपॉइंट लागत नाही.

क्यूएमूमध्ये चाललं म्हणून बोर्डवर चालेल असं धरणं

मला सगळ्यात जास्त काळजी या चुकीची वाटते, कारण ती घडताना कुठलाही एरर दिसत नाही.

समजा तुमच्या ड्रायव्हरमध्ये एक थ्रेड बफरमध्ये डेटा भरतो आणि मग 'तयार' असा झेंडा १ करतो. दुसऱ्या कोअरवरचा थ्रेड झेंडा पाहून डेटा उचलतो. मध्ये मेमरी बॅरियर (लेखनांचा क्रम टिकवणारी सूचना) टाकायचा राहिला. इंटेलचे प्रोसेसर दोन लेखनांचा क्रम दुसऱ्या कोअरला उलटा दिसू देत नाहीत. आर्मचे देऊ शकतात. क्यूएमू आर्मच्या लोड-स्टोअर सूचना इंटेलच्या लोड-स्टोअरमध्ये बदलतो, त्यामुळे तुमच्या आर्म मॉड्यूलला इंटेलची शिस्त फुकटात मिळते. रात्रभर चाचणी चालवली तरी तिथे ही चूक वर येणार नाही, आणि बोर्डवर लोड वाढला की कधीतरी कचरा डेटा वाचला जाईल.

कॅशचंही तसंच. क्यूएमू प्रोसेसरची कॅश प्रत्यक्षात उभी करत नाही. डीएमएनंतर (उपकरणानं प्रोसेसरला वगळून मेमरीत थेट डेटा लिहिल्यानंतर) सिंक करायचं विसरलात तरी त्याच्या आत सगळं ठाकठीक दिसतं. वेळेच्या मोजमापावरही विसंबू नका, इंटरप्ट किती मायक्रोसेकंदांत हाताळला हे तिथे मोजण्यात अर्थ नाही.

उलट काही गोष्टी पकडायला एम्युलेशनसारखी सोय नाही. एस३९० हा बिग-एंडियन आहे, म्हणजे संख्येचा मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतो. तुमचा कोड तिथे चालवून पाहा, बाइटक्रम गृहीत धरलेली प्रत्येक जागा उघडी पडते. ३२ बिट आर्मसाठी नुसतं बांधून पाहिलं तरी '__एईएबीआय_यूएलडिव्हमॉड अनडिफाइंड' ही तक्रार दाखवते, की ६४ बिट संख्येला सरळ भागाकाराचं चिन्ह वापरलंय. तिथे 'डू_डिव्ह' किंवा 'डिव्ह६४_यू६४' हवं. पानाचा आकार ४०९६ धरून लिहिलेला कोडही ६४ केबी पानांच्या आर्म६४ कर्नलवर लगेच सापडतो. रास्पबेरी पाय ५चा नेहमीचा कर्नल १६ केबी पानांचा आहे, तेव्हा ही तपासणी आता टाळण्यासारखी राहिलेली नाही.

बॅरियरच्या चुकांसाठी कर्नलमध्ये केसीसॅन हे थ्रेडमधल्या शर्यती पकडणारं साधन आहे. त्याचा 'वीक मेमरी' पर्याय चालू केला की राहून गेलेले काही बॅरियर ते इंटेल मशीनवरसुद्धा दाखवून देतं. आणि एखादं आर्म मशीन मिळालं, अगदी रास्पबेरी पाय का असेना, तर क्यूएमू त्याच्यावर केव्हीएमसह चालवा. तेव्हा सूचना खऱ्या आर्म कोअरवर धावतात आणि लेखनांचा क्रमही त्याच कोअरचा असतो.